'कबुली', 'जाहीर' की नुसतं 'सांगणं'?

परभणीकर : एखादा खेळाडू, नट किंवा पुढारी आपण समलिंगी असल्याचं चारचौघांत बोलतो, त्याला मराठीत काय म्हणावं? बातमीत हमखास 'कबुली दिली' असतं. मला तो शब्द टोचतो. 'कबूल' मुळात अरबी, अर्थ स्वीकार. सोयरिकीत 'कबूल केलं' म्हणजे शब्द दिला. पण 'कबुली' म्हटलं की ठाणं आठवतं, आरोपीचा कबुलीजबाब आठवतो. 'उघडकीस आलं' तर त्याहून वाईट. उघडकीस येतो घोटाळा, आणि त्या वाक्यात बोलणारा माणूसच नसतो.

नांदेडहून : 'जाहीर करणे' घ्या. गुजरातेतल्या राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ साली जाहीर केलं, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जसंच्या तसं लागू होतं. सुप्रीम कोर्टानं प्रौढांच्या संमतीचे संबंध त्यातून वगळले ते २०१८ मध्ये. हिंगोलीकडच्या खेड्यातल्या पोराला आपल्यासारखं कुणी दिसतच नाही. लोकांनी ज्याला डोक्यावर घेतलं, त्यानं तरी बोलावं. माझ्या मते ते कर्तव्यच आहे.

परभणीकर : त्या पोराबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी तसाच पोरगा होतो. पण 'कर्तव्य'मधला 'तव्य' म्हणजे 'करायलाच पाहिजे'. नाही केलं तर माणूस चुकला, आणि चुकलेल्याचं काम दुसऱ्यानं उरकलं तरी चालतं, असं लोक धरून चालतात. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवायचे. २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. विद्यापीठानं त्यांनाच निलंबित केलं. अलाहाबाद हायकोर्टानं निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. त्यांनी काहीही 'जाहीर' केलं नव्हतं. मराठीच्या या मास्तरांबद्दल मराठीत लिहिताना 'उघडकीस आलं' हे शब्द माझ्या हातून उतरत नाहीत.

बीडहून : आणि जो पुढारी स्वतः तसा असून स्टेजवरून अशाच लोकांना शिव्या घालतो, त्याचं काय?

परभणीकर : त्याचं भाषण उघडं पाडा, त्यानं कुठल्या कायद्याला हात वर केला ते उघडं पाडा. तिथं हा शब्द चपखल आहे. त्याच्या खोलीचं दार मात्र उघडू नका. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ मध्ये सांगितलं, त्यात माणसाचा लैंगिक कलही आला. पुढाऱ्याचाही आला.

नांदेडहून : बरं, 'कर्तव्य' मागं घेतो. 'जबाबदारी' म्हणू?

परभणीकर : त्यात 'जबाब' आहे. जबाब द्यायचा तर सवाल कुणी केला, आणि त्याला तो हक्क कुणी दिला? मी 'आधार' म्हणेन. कुणी बोललं तर त्या पोराला आधार होतो, फार मोठा होतो. पण आधार मागता येतो, वसूल करता येत नाही.

मूळ शब्दाचं म्हणाल तर मी घरी बोललो तेव्हा आई बराच वेळ ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "इतके दिवस काहून नाही सांगितलं रे?" 'कबूल केलं' नाही, 'उघड केलं' नाही. 'सांगितलं'. मथळ्यातही तेवढंच पुरतं : 'आपण समलिंगी असल्याचं त्यानं सांगितलं.'