पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगाला कुबट वास, गोचिडी आणि कानाची खाज

सहकारनगरकर:
आमचा बंड्या अडीच वर्षांचा लॅब्राडोर. रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर फिरायला नेते. पाऊस सुरू झाल्यापासून दर रविवारी आमच्याच शांपूने न्हाऊ घालते, तरी बुधवारपर्यंत कुबट वास येतोच. डावा कान सारखा खाजवतो, मान झटकतो. काल पंजाच्या बेचक्यात तीन गोचिडी निघाल्या. शेजारचे काका म्हणतात रॉकेलचा बोळा फिरवा, पण मला धीर होत नाही. केस अगदी बारीक कापले तर बरं पडेल का?

कोथरूडची_काकू:
रॉकेल अजिबात नको गं! कातडी भाजते, आणि चाटलं की पोटात जातं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरायची आणि सरळ ओढायची. बोटांनी चिरडू नकोस, स्पिरिटच्या डबीत टाक. आमच्या सोनीला गोचीडतापाने गाठलं होतं. दोन दिवस जेवली नाही, आम्हाला वाटलं उकाड्याने असेल. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तेव्हा धावलो. वाचली, पण ते दोन दिवस वाया घालवल्याचं मला अजून लागतं. तेव्हापासून फिरून आलं की आधी कानामागे, काखेत, शेपटीखाली, गळपट्ट्याखाली चाचपते, मगच चहा.

आपला शांपू माणसाच्या कातडीसाठी असतो, कुत्र्याची त्याने कोरडी पडते. कुत्र्यांचाच आण, आणि एरवी महिन्यातून एकदा आंघोळ पुरे. वास बहुतेक ओलाव्याचा असणार. लॅबला केसांचे दोन थर असतात, वरचा वाळला तरी आतला दमट राहतो. दोन पंचे लागले तरी चालतील, मानेखाली बोटं घालून बघ. केस मुळापासून काढू नकोस, तेच ऊन आणि थंडी दोन्ही अडवतात.

टेकडीवाला:
गोचिडींचं मानेवर सोडायचं औषध वजनाप्रमाणे असतं, डॉक्टरांना विचारूनच घ्या. ते लावण्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ टाळा. पावसाळा सरला की टेकडीवरच्या कुसळांकडेही लक्ष ठेवा. बोटांच्या मधे शिरलं की आत आत जातं आणि पू होतो.

सहकारनगरकर:
काकू, कान बडने पुसू का? आणि नखं काळी आहेत, कापायची भीती वाटते.

कोथरूडची_काकू:
बड नको, मळ आणखी आत ढकलला जातो. खाजवतोय म्हणजे आधी डॉक्टरांना कान दाखव, पडदा ठीक आहे कळेपर्यंत काही घालू नकोस. नख टोकाकडून अगदी थोडं थोडं काप. कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांब, पुढे रक्तवाहिनी असते. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धर. एका दिवशी एकच पंजा घे, प्रत्येक नखानंतर खाऊ दे.

सहकारनगरकर:
आज दाखवून आणला. कानात बुरशी आहे, औषध सुरू केलंय. उजवा पुढचा पंजाही झाला, चार नखं कापली. पाचव्याला त्याने पाय ओढून घेतला, म्हणून ते उद्यावर ठेवलं.