१२ वर्षांनी स्वतःसाठी ड्रेस शिवायला घेतलाय, खांदा आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) काही केल्या बसत नाही. मदत हवी आहे

गेली १२ वर्षं माझी शिलाई म्हणजे तुटलेलं बटण लावणं आणि पडद्यांना दुमडपट्टी मारणं, एवढीच होती. गेल्या महिन्यात मशीन बाहेर काढलं. थिजलेलं तेल पुसून नवीन घातलं, पट्टा बदलला, सुई बदलली. बॉबिन भरायला बसले तेव्हा हातांना सगळं आठवत होतं, त्याचा फार आनंद झाला.

मला अवघड काही नको आहे. गुडघ्याखाली चार इंच जाणारा ए-लाइन ड्रेस, गोल गळा, कोपराच्या वर थांबणाऱ्या बाह्या, दोन खोल खिसे. पण तो माझ्या अंगावर बेतलेला दिसला पाहिजे. तयार कपडा छातीला बरोबर आला की खांद्यावरून ओघळतो, आणि खांद्याला बसला की छातीवर ताणतो. म्हणून तर पुन्हा शिवायचं ठरवलं. आता मी शिवलेला ड्रेसही तेच करतोय.

आधी जुनं खाकी कागदाचं कटिंग वापरलं. ते छाती ३६चं होतं, आता माप ४० आहे. पुढच्या-मागच्या चारही भागांना कडेच्या शिवणीत एकेक इंच वाढवला. गोलाई भरली, पण पाठीत कापड सैल पडलं, पुढे छातीपासून काखेकडे तिरकी चुणी आली आणि पुढची खालची कड मागच्यापेक्षा पाऊण इंच वर उचलली गेली.

मग वाटलं, नव्यानं आखावं. शिकले होते तसंच आखलं: छातीचा चौथा भाग अंगाला, बारावा भाग गळ्याला, ४० धरून. तीरासुद्धा (खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी) त्याच हिशेबात वाढवला. आता गळा रुंद झालाय आणि खांद्याची शिवण दंडावर उतरलीय. काखेत काचत होतं म्हणून मुंढा अर्धा इंच खोल केला, तर फळीवरचा डबा काढायला हात वर केला की आख्खा ड्रेस वर चढतो. मुंढा आणखी खोल करावा का? आणि खांदा नीट ठेवून छातीला जागा कुठून काढायची? दोन्ही ड्रेस उसवून ठेवलेत. गडद निळं सुती कापड धुऊन, इस्त्री करून तयार आहे, पण त्याला कात्री लावायचा धीर होत नाही.

प्रतिसाद १

ताई, निळ्या कापडाला अजून हात लावू नका. आधी मांजरपाट (कोरं, जाडंभरडं सुती कापड) घ्या आणि कच्च्या शिलाईनं नमुना शिवून बघा.

तुमची हाडं ३६लाही तीच होती आणि ४०लाही तीच आहेत. खांदा आणि गळा वाढलेलेच नाहीत. पण छातीच्या मापावरून आखलं की छातीबरोबर गळाही वाढतो. आता टेप काखेखालून, छातीच्या वरून, पाठीवर सरळ धरून एक माप घ्या. समजा ते ३७ आलं, तर सगळा आराखडा ३७चा काढा आणि तीरा अंगावरून मोजून घ्या. उरलेले तीन इंच फक्त पुढच्या भागात द्यायचे, म्हणजे पुढच्या अर्ध्या कागदात दीड इंच. पाठीला काही द्यायचं नाही. तुमचं पाठीचं सैल कापड आणि पुढची चुणी, दोन्ही पुढे-मागे सारखंच वाढवल्यामुळे आलंय.

हा दीड इंच कडेला लावू नका, कागद कापून मधून उघडा. छातीच्या टोकापासून एक रेघ सरळ खाली कडेपर्यंत, एक मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे, एक कडेच्या टक्सच्या (छातीला आकार द्यायला शिवलेली निमुळती घडी) मधून. मुंढ्याच्या कडेला कागद जेमतेम जोडलेला राहू द्या आणि बाकीचा कागद दीड इंच सरकवा. टक्स आपोआप मोठा होईल. मधला भाग खाली आखूड दिसेल, तेवढाच तोही वाढवा. पुढची वर उचललेली कड यानं खाली येते.

प्रतिसाद २

अगं, मुंढा आणखी खोल करू नकोस! मीही कित्येक वर्षं हेच करत होते. काखेत काचलं की आपण खोल कापतो, आणि मग बाही थेट अंगाच्या कापडाला बांधली जाते, हात उचलला की अंगही सोबत येतं. मुंढा काखेच्या जवळ, वर असला तर हात मोकळा फिरतो. काचण्याचं कारण बहुतेक वेळा बाहीची रुंदी किंवा पुढचा ताण असतो. नमुन्याच्या काखेत मांजरपाटाचा एक तुकडा टाचून मुंढा अर्धा इंच वर आण आणि हात उचलून बघ. कापलेलं परत येत नाही, पण तुकडा टाचता येतो.

आणि टक्स छातीच्या टोकाच्या एक इंच अलीकडे संपव. इस्त्री करताना खाली टॉवेलची गुंडाळी ठेव, नाहीतर सपाट पाटावर टोक चुरगळतं.

मूळ धागा लिहिणारी

दोघींचे खूप आभार. वरचं माप ३७ आलं, अगदी सांगितल्यासारखं. काल संध्याकाळी मांजरपाट शिवला आणि आरशासमोर उभी राहिले. खांद्याची शिवण हाडावर बसलीय. काखेत तुकडा टाचून हात वर केला तर कड जेमतेम बोटभर हलली. चुणी येईल तिथे लाल पेनानं रेघ काढायची ठरवलं होतं, पण चुणीच नाही. मी रडले थोडी, खरं सांगते.

फक्त टक्स आता दोन इंचांच्या वर खोल झालाय आणि टोकाशी उंचवटा येतोय. तो दोन छोट्या टक्समध्ये वाटला तर चालेल ना, की थोडा कमरेकडे वळवू? कडेच्या शिवणीला माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) एक इंच ठेवलीय. रविवारी निळं कापड कापणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.