मोगरा पानांनी भरलाय, कळी एक नाही. मदत हवी आहे

गॅलरीवाली:
चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलंय आणि माझ्या मोगऱ्याला एक कळी नाही. नर्सरीतून आणला तेव्हा कळ्यांनी लगडलेला होता. तो बहर ओसरला आणि तेव्हापासून नुसती पानं. पानं मात्र अशी हिरवीगार की बघत राहावं. पाणी वेळेवर, खत वेळेवर, कीड नाही. काय घातलं म्हणजे कळ्या धरतील? जरा लवकर सांगा. आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर बायकांच्या हातावर घरचीच फुलं ठेवायची आहेत.

मृण्मयी:
गाव कोणतं? गॅलरी कुठल्या दिशेला? कुंडी केवढी? खत कोणतं आणि किती दिवसांनी? थंडी संपताना छाटणी केली होती का?

गॅलरीवाली:
पुणे. कुंडी बारा इंची. ऊन भरपूर आहे. छाटणी नाही केली, इतकं छान वाढलेलं झाड कोण कापेल? मला फक्त काय घालायचं ते सांगा.

रोहिणी ठाणे:
केळ्याच्या साली पाण्यात भिजवून ते पाणी घाल गं. माझी जास्वंद त्यावरच फुलते, रोज पूजेपुरती फुलं मिळतात.

शिवारातला:
सालीच्या पाण्यानं चिलटं होतात ताई, फुलं नाही. सालीत पालाश म्हणजे पोटॅश असतं, पण त्या पाण्यात उतरतं किती? झिरो बावन्न चौतीस आणा, कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. नत्र (नायट्रोजन) शून्य, स्फुरद (फॉस्फरस) ५२ टक्के, पालाश ३४ टक्के. कुंडीच्या झाडाला लिटरला २ ग्रॅम, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आम्ही द्राक्षाला वर्षानुवर्षं हेच मारतो.

रोहिणी ठाणे:
द्राक्षबाग वेगळी आणि घरची गॅलरी वेगळी. माझी नातवंडं कुंड्यांशी खेळतात, मी औषधं आणणार नाही.

शिवारातला:
हे औषध नाही, विद्राव्य म्हणजे पाण्यात विरघळणारं खत आहे. कीटकनाशक आणि खत यात लोक गल्लत करतात आणि मग शेतकऱ्याला नावं ठेवतात.

परसबाग:
रासायनिक नको असेल तर बोनमील. मूठभर मातीत मिसळा. हळू लागू पडतं, पण जमिनीचा कस टिकतो.

गॅलरीवाली:
हाडांचं खत नको, फुलं गौरीला वाहायची आहेत. आणि खताची कमतरता नाहीच. मी दर आठवड्याला शेंगदाण्याची पेंड आंबवून घालते.

मृण्मयी:
हे आधी सांगायला हवं होतंत. शेंगदाणा पेंडीत साधारण ७ टक्के नत्र असतं. नत्रानं पाला वाढतो. दर आठवड्याला तेच मिळत असेल तर झाड पानंच काढणार. पेंड आजपासून बंद. आणि दिशा अजून सांगितली नाहीत.

सुखदा:
मोगऱ्याचं विचारताय तर माझंही विचारते. शेवंतीला दिवाळीत कळ्याच आल्या नाहीत. कुंडी जिन्यापाशी आहे, तिथे रात्रभर ट्यूब चालू असते.

परसबाग:
सुखदा, कारण ती ट्यूबच. शेवंतीला कळी धरायला लांब आणि सलग अंधारी रात्र लागते. पावसाळा सरता सरता कुंडी दिव्यापासून लांब हलवा.

गॅलरीवाली:
शेवंतीचा वेगळा धागा काढा ना. माझी गॅलरी उत्तरेला आहे. पण उजेड इतका येतो की दिवसा दिवा लावावा लागत नाही.

मृण्मयी:
उजेड म्हणजे ऊन नाही. कुंडीच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. पानांवर बोटं न् बोटं सुटी दिसतील अशी ठळक सावली पडली तर ऊन, नुसता करडा डाग पडला तर उजेड. सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा. मोगऱ्याला ठळक सावलीवालं ऊन रोज निदान ५-६ तास हवं.

आकाशवेडा:
उत्तरेच्या गॅलरीबद्दल थोडं. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. पण तो इतका उंच असतो की वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो, आणि जूनपासून ढग. या दिवसांत सकाळ-संध्याकाळची तिरीप मिळेल तेवढीच.

गॅलरीवाली:
हात धरून पाहिला. करडा डाग, तिन्ही वेळा.

परसबाग:
मग उत्तरेला बिगोनिया, पीस लिली लावा. मोगऱ्याचा नाद सोडा.

मृण्मयी:
का सोडायचा? दुसरी कुठली खिडकी नाही का?

गॅलरीवाली:
बेडरूमच्या खिडकीला ग्रिलचा पिंजरा आहे, पश्चिमेला. दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत ऊन तापतं म्हणून तिथे काही ठेवत नाही. खाली पाणी ठिबकलं की खालच्या काकू रागावतात, त्यांचे कपडे वाळत असतात.

शिवारातला:
तीच जागा मोगऱ्याची! आता निम्मं झाड कसं छाटायचं ते सांगतो.

मृण्मयी:
दादा, एप्रिलमध्ये निम्मं छाटायला नका सांगू. जोराची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत. आता प्रत्येक फांदीचं टोक दोन पेरं खुडा, तेवढं पुरे. कळी नव्या फुटीलाच धरते. पिंजऱ्यात एकदम ठेवलंत तर पानं करपतील. आधी चार-पाच दिवस फक्त साडेचारनंतरचं ऊन द्या, मग कायम तिथेच. कुंडीखाली खोल ताटली ठेवा आणि पाणी सकाळीच घाला, काकूंचे कपडे दुपारी वाळत असतील तर.

गॅलरीवाली:
हळदीकुंकवापर्यंत येतील का कळ्या?

मृण्मयी:
नाही. नवी फूट येऊन कळी धरायला महिना तरी जाईल. हळदीकुंकवाला मंडईतून पावशेर आणा, आदल्या दिवशी संध्याकाळी मिटलेल्या कळ्याच घ्या आणि ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवा. मोगरा मेअखेर फुलेल.

रोहिणी ठाणे:
आणि गं, डाळीत कैरी किसून घालतेस की चिरून?