[मंडळ-गप्पा] कौन्सिलची घरं आणि आपली पालिका

प्रेषक: मंदार (मूळ वाशी)

मंडळी नमस्कार,

गणपतीच्या हॉलच्या मेल चालू आहेत त्यात हा वेगळाच विषय टाकतोय. इथे इंग्लंडात आमच्या रस्त्याच्या टोकाला कौन्सिलची (म्हणजे इथल्या पालिकेची) मोडकी गॅरेजेस होती, ती पाडून तिथे कौन्सिल आता स्वतः घरं बांधतेय, भाड्यानं द्यायला. बिल्डर नाही, कौन्सिल. तसा बोर्डच लावलाय. भावाला फोनवर सांगितलं (तो अजून वाशीतच, सेक्टर १० ला, सिडकोच्या जुन्या जेएन टाईप इमारतीत, रिडेव्हलपमेंट होणार होणार ऐकत बसलाय) तर म्हणतो त्यात काय विशेष, आपल्याकडे सिडकोनं अख्खं शहर बांधलं. मग सिडको म्हणजे आपली कौन्सिलच का? आणि नसेल तर आपल्या महापालिका घरं का बांधत नाहीत? ठाण्या-नवी मुंबईच्या मंडळींनी जरा सांगा.

मंदार

---

प्रेषक: सुजाता (मूळ नेरूळ)

मंदार, सिडको कौन्सिल कुठली रे! कौन्सिलरला तू मत देतोस, सिडकोला कोणी मत दिलं? ती राज्य सरकारची कंपनी आहे, १७ मार्च १९७० ला कंपनी कायद्याखाली काढलेली, आणि साहेब वरून येतात. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जागा तिच्या ताब्यात दिली. गणित असं की जमीन सरकारी भावात घ्यायची, रस्ते-गटारं-पाणी करायचं, मोक्याचे प्लॉट टेंडर काढून चढ्या भावानं विकायचे आणि त्या पैशातून कमी पगाराच्या लोकांची घरं स्वस्त करायची. कागदावर झकास. तुमचं जेएन टाईप त्याच गणितातलं.

ज्यांची जमीन गेली त्यांचं गणित मात्र कोणी केलं नाही. १९८४ ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे पुढे १९९० ला साडेबारा टक्क्याची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित प्लॉट परत. तोवर गावठाणात पोरं मोठी झाली, लग्नं झाली, गावठाण वाढवून कोणी दिलं नाही, मग लोकांनी मिळेल तिथे बांधली. तीच ती गरजेपोटीची घरं, जी नियमित करायचे जीआर अजून निघतायत. म्हणजे गंमत बघ, घरं बांधायला काढलेल्या कंपनीच्या हद्दीत मूळच्या लोकांचीच घरं बेकायदा.

आणि महापालिका आली १ जानेवारी १९९२ ला. आधी घरं, मग पालिका! तिच्याकडे पाणी, कचरा, दिवे, शाळा, रस्ते आले, जमीन सिडकोकडेच राहिली. बाग करायची तरी प्लॉट सिडकोकडून मागायचा. पालिका विकास आराखड्यात आरक्षण टाकते, सिडकोला तोच प्लॉट विकायचा असतो, मग पत्रापत्री. दिघा, तुर्भे स्टोअरकडे तर तिसरीच तऱ्हा, तिथे बऱ्याच झोपड्या एमआयडीसीच्या (राज्याच्या औद्योगिक महामंडळाच्या) जागेवर. पालिका नळ देते, संडास बांधते, पण घर द्यायचं म्हटलं तर पायाखालची जमीन तिची नाहीच.

तुझ्या भावालाही हेच: जमीनमालक म्हणून एनओसी सिडकोची, बांधकाम परवानगी पालिकेची, दोन्हीकडे चपला झिजवा. जुन्या मोडकळीला आलेल्या सिडकोच्या बिल्डिंगना २०१५ ला २.५ एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या अडीच पट बांधकाम) मंजूर झाला, तरी सगळे सभासद एका कागदावर यायलाच वर्षं जातात.

बरं सिडको आताही घरं काढते. २०१८ ला १४,८३८ घरांची लॉटरी निघाली, त्यातली सगळ्यात कमी उत्पन्नवाल्यांची घरं पंतप्रधान आवास योजनेतली, अडीच लाख अनुदान धरून, तेव्हा लोक खूश होते. आणि नंतरची ती २६,००० घरांची? जानेवारी २०२५ ला किमती आल्या, तळोज्यात २५ लाखांपासून खारघरला ९७ लाखांपर्यंत. वर्षाला सहा लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यानं २५ लाखांचं घर घ्यायचं, बँक किती देणार त्याला? लॉटरी लागून लोकांनी घरं सोडली. माझ्या मते ज्या दिवशी सिडकोला स्वतःच्याच घरातून कमवायची सवय लागली त्या दिवशी ते मूळ गणित संपलं.

सुजाता

---

प्रेषक: काका (पाचपाखाडी)

सगळ्यांना आशीर्वाद. मुलीनं मला या लिस्टवर टाकलंय तेव्हापासून मी नुसता वाचत असतो, पण माझा जन्म सरकारी कामांची एस्टिमेटं करण्यात गेला आणि सुजाताचं वाचून राहवलं नाही, लांबलं तर सांभाळून घ्या.

मंदारनं विचारलं पालिका घरं का बांधत नाही. पहिलं उत्तर कायद्यात. १९४९ चा महापालिका कायदा काढून बघ, पाणी, गटार, दिवे, रस्ते, साफसफाई ही पालिकेची बंधनकारक कामं. गरिबांसाठी घरं ऐच्छिक यादीत. ऐच्छिक म्हणजे बजेटात पैसे उरले तर, आणि ते कधी उरतात? पुढे ७४ वी घटनादुरुस्ती झाली, बाराव्या परिशिष्टात पालिकांना १८ कामं मोजून दिली, त्यात झोपडपट्टी सुधारणा आहे, शहरी गरिबी कमी करणं आहे, पण सरळ 'घर द्या' असं कुठेच नाही. घरांचं खातं राज्याकडे, राज्यानं १९७७ ला म्हाडा हे घरांचं प्राधिकरण केलं, आमचं ठाण्यातलं वर्तकनगर त्याच हाऊसिंग बोर्डाच्या परंपरेतलं.

मग ठाणे पालिकेनं घरं बांधली का? बांधली. २००५ ला केंद्राची जेएनएनयूआरएम ही शहरं सुधारायची योजना आली, तिच्या पोटात बीएसयूपी, म्हणजे झोपडीवाल्यांना पक्की घरं. तुळशीधाम, पडले गाव, खारटन रोड, अशा ठिकाणी पालिकेनं इमारती काढल्या. आता एस्टिमेटवाल्याच्या नजरेनं बघा काय होतं. मोठ्या शहरांना केंद्र निम्मे पैसे देणार, बाकीचे राज्य, पालिका आणि लाभार्थी यांनी घालायचे. पण केंद्राचा निम्मा हिस्सा मंजूर झाला त्या दिवशीच्या किमतीवर! काम सुरू करायचं तर आधी झोपड्या हलवायच्या, लोकांना तात्पुरत्या शेडमध्ये न्यायचं, वीस जण तयार होतात एक अडून बसतो, त्याचंही चुकत नाही, त्याला आधी कोणीतरी फसवलेलं असतं. त्या एका झोपडीपायी अख्ख्या विंगचा पाया अडतो, दरम्यान सिमेंट-स्टील वाढतं आणि वाढीव सगळं राज्याच्या नाहीतर पालिकेच्या गळ्यात. केंद्राचं मिशन सात वर्षांचं, मुदतवाढी घेत घेत रेटलं, शेवटी ठिकाणं कमी करा, घरं कमी करा.

त्यात पालिकेचं हक्काचं उत्पन्न म्हणजे जकात. ती २०१३ ला जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ च्या ऑगस्टला तोही बहुतेक गेला, मग जीएसटीची भरपाई. म्हणजे ज्या काळात घरं पुरी करायची नेमकं त्याच काळात स्वतःचा गल्ला दुसऱ्याच्या हातात. वर तीस-चाळीस वर्षांची जबाबदारी कोण घेणार?

आणि मिळालेली घरं झोपडीवाल्यालाच गेली का, तर सगळी नाही. रस्ते रुंद करायला घेतले तेव्हा बाधितांना कुठे ठेवायचं, तर हीच. त्यांचीही घरं गेलेली, ते कुठे जाणार. पण एका मजल्यावर हिस्सा भरलेला लाभार्थी, शेजारी रस्ताबाधित, पलीकडे अजून कोणाचंच नाव न लागलेला रिकामा गाळा, अशा बिल्डिंगची सोसायटी कशी रजिस्टर करणार? सोसायटी नाही म्हणजे मेंटेनन्स नाही, मेंटेनन्स नाही म्हणजे लिफ्टचा करार नाही. सातव्या मजल्यावरची म्हातारी हंडा घेऊन जिन्यात बसते.

एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर विकास प्राधिकरणाच्या) रेंटल हाऊसिंगचं थोडक्यात सांगतो. २००८ ची योजना, बिल्डरला चार एफएसआय, बदल्यात त्यानं १६० चौरस फुटांची घरं बांधून द्यायची. १६० म्हणजे दहा बाय सोळा, त्यातच मोरी, संडास, ओटा. गावाहून नोकरीला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायची मूळ कल्पना, चांगली होती हो, भाड्याचं सरकारी घर आपल्याकडे कोणी काढतच नाही. पण भाडं गोळा करणारं, गळती बघणारं, रिकामं झालं की पुढच्याला देणारं खातं कोणी उभंच केलं नाही. शेवटी ठाण्यात ती धोकादायक इमारतींतल्या लोकांची आणि रस्ताबाधितांची संक्रमण शिबिरं झाली. २०१३ ला शीळ फाट्याला ती इमारत पडून ७४ माणसं गेली, दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींची यादी लागते, त्या लोकांना ठेवायला काहीतरी हवंच होतं.

तुमचा काका

---

प्रेषक: मंडळ सचिव

मंडळी, चर्चा उत्तम आहे पण कृपया 'गणपती हॉल बुकिंग'च्या जुन्या मेलला रिप्लाय करून लिहू नका, दोघांनी तसं केलंय, मोदकांची ऑर्डर शोधताना मला बीएसयूपी वाचायला लागतंय.

---

प्रेषक: वैशाली (मूळ चरई, ठाणे)

काका, फार छान लिहिलंत. मी इथे एका कौन्सिलच्या हाऊसिंग खात्यात आहे म्हणून इकडची बाजू सांगते, कारण मंदारला वाटतंय की इथल्या कौन्सिल मुळातच कर्तबगार, तसं काही नाही.

१९१९ चा घरांचा मोठा कायदा यायच्या आधीही कौन्सिलना घरं बांधता येत होती, लंडन काऊंटी कौन्सिलनं शोरडिचला बाउंड्री इस्टेट बांधली, १९०० ला उद्घाटन, इमारती आजही देखण्या. पण त्यासाठी साडेपाच हजारांवर लोक उठवले आणि नव्या घरांत त्यातले आले फक्त ११ जण. भाडंच झेपेना. काका, तुमच्या रस्ताबाधितांपेक्षा वाईट! १९१९ च्या ॲडिसन कायद्यानं दोन गोष्टी एकदम केल्या. एक, प्रत्येक कौन्सिलनं आपल्या हद्दीत किती घरं लागतात ते मोजून तीन महिन्यांत योजना पाठवायची, ऐच्छिक वगैरे नाही. दोन, स्थानिक करात पाऊंडामागे एक पेनी वाढवून जेवढं जमेल तेवढाच तोटा कौन्सिलचा, वरचा सगळा सरकारी तिजोरीचा. म्हणजे किंमत वाढली तरी कौन्सिलच्या गळ्याला फास नाही, बीएसयूपीच्या बरोब्बर उलट. अर्थात मग खर्च इतका फुगला की १९२१ ला सरकारनंच हात आखडला, पाच लाख घरं म्हणाले होते, निम्मीही झाली नाहीत. पण तोवर कौन्सिलांत घरांची खाती, इंजिनिअर, भाडंवसुलीचे कारकून सगळं तयार झालं होतं, ते राहिलं, १९२४ ला पुन्हा भरघोस अनुदान आलं तेव्हा लगेच कामाला लागले.

दुसरं म्हणजे इथे भाड्याचा हिशोब वेगळ्या खात्यात असतो, १९८९ च्या कायद्यापासून त्याला कुंपणच आहे. भाडेकरूचे पैसे घरांवरच खर्च करायचे, रस्त्याच्या खड्ड्यांसाठी उचलायचे नाहीत. आमच्या ऑफिसात कुठल्या ब्लॉकचा बॉयलर कधी बदलायचा याचं तीस वर्षांचं कोष्टक आहे, कंटाळवाणं काम, पण माझा पगार त्याच्यावरच चालतो.

आणि १९८० ला भाडेकरूंना घर विकत घ्यायचा हक्क मिळाल्यावर लाखो घरं गेली, आलेल्या पैशातून नवी बांधायलाही कौन्सिलवर बंधनं. कर्जाची मर्यादा उठली २०१८ ला. म्हणून आता कुठे गॅरेजेस पाडून दहा-बारा घरं, मंदार.

वैशाली

---

प्रेषक: मंदार

ताई, काका, सुजाता, सगळ्यांचे आभार, पण सिडकोला एवढं झोडपू नका राव. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आठवा, चार्ल्स कोरियांचं, आठ बाय आठ मीटरचं अंगण आणि भोवती सात घरं, प्रत्येकाला आपला तुकडा, दोन घरांत सामायिक भिंत नाही म्हणजे ज्याला वाढवायचं त्यानं बिनधास्त वाढवावं. आज निम्म्या लोकांनी पाडून बंगले बांधलेत तरी अंगणं आहेत. नगरसेवकांच्या हातात असतं तर वॉर्डावॉर्डात वाटणी झाली असती, अंगणात पहिलं काय आलं असतं सांगायला नको. निवडून न आलेली माणसं होती म्हणूनच एवढं नीट प्लॅन झालं असं मला वाटतं.

मंदार

---

प्रेषक: सुजाता

आर्टिस्ट व्हिलेज किती घरांचं आणि नवी मुंबई केवढी! आणि त्याच निवडून न आलेल्या माणसांनी बांधलेल्या वाशीच्या घरांचे स्लॅब पुढे पडायला लागले तेव्हा भाडेकरू-मालक सगळे कोणाकडे गेले? नगरसेवकाकडेच. बरं नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासकच होता, तेव्हा दोन्हीकडे निवडून न आलेलीच माणसं, झाली का अंगणं?

---

प्रेषक: काका (पाचपाखाडी)

तुम्ही दोघं भांडा, पण आता ठाण्यातही सिडको आलीच आहे. किसननगरची क्लस्टर योजना, म्हणजे अख्खी वस्तीच एकत्र पाडून नव्यानं बांधायची, पालिकेनं सिडकोला करायला दिली, जून २०२३ ला भूमिपूजन झालं. पालिका आराखडा आणि पात्रता बघणार, सिडको बांधणार. मला हे वाईट वाटत नाही, सिडकोकडे पैसा आणि टेंडर काढायची यंत्रणा आहे, पालिकेकडे माणसांची ओळख आहे, कुठल्या खोलीत कोण किती साली आलं ते वॉर्ड ऑफिसच सांगू शकतं. माझी धास्ती पुढची आहे. त्या गल्ल्यांत बैठ्या आणि चार माळ्यांच्या इमारतीतली माणसं वीस-पंचवीस मजल्यांवर जाणार, दोन-तीन लिफ्ट, फायर पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र), सगळ्याचं बिल दर महिन्याला. मुंबईत एसआरएमध्ये (झोपडपट्टी पुनर्वसनात) बिल्डरला दर घरामागे आधी २०,००० आणि नंतर ४०,००० रुपये देखभालीसाठी ठेवावे लागायचे आणि तेही उंच इमारतीला पुरायचे नाहीत, व्याजात काय होतं?

वैशाली, तुझं ते तीस वर्षांचं कोष्टक कसं असतं त्याचा नमुना पाठवता आला तर बघ, नावं-पत्ते काढून. ज्येष्ठ नागरिक संघात आमच्या एक-दोघांचे मुलगे किसननगरला राहतात, त्यांच्या कमिटीनं करारावर सह्या करायच्या आधी निदान लिफ्टचा, टाक्यांचा आणि रंगकामाचा खर्च मांडून विचारावं की दहाव्या वर्षी हे पैसे कोणाच्या खात्यातून येणार. एस्टिमेट मी करून देतो, मराठीत.

काका