साथीच्या पेटीचा गांधार उतरवावा की तसाच ठेवावा?

जोडतार :
बडोद्यात विषय जुनाच आहे. १९१६ साली इथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हाही देवल आणि क्लेमंट्स या अभ्यासकांच्या श्रुती-हार्मोनियमवरून, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा (श्रुती) वाजवणाऱ्या पेटीवरून, वाद झाला होता. मी श्रुतींची मोठी चर्चा बाजूला ठेवून एवढंच विचारतो : जी पेटी एकाच गायकाच्या, एकाच पट्टीतल्या साथीला वापरली जाते, ती इक्वल टेंपरामेंटमध्ये, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून, का ठेवायची?

दुकानातल्या पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो (पूर्ण सप्तक १२०० सेंटांचं). तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार ३८६ वर. काळी एक पट्टीचा मध्य षड्ज २७७ हर्ट्झ धरा. षड्जाच्या पाचपट आंदोलनांचा उपस्वर १३८६ वर येतो, पेटीच्या गांधाराच्या चौपटीचा १३९७ वर, म्हणजे दोन्ही एकत्र वाजताना आवाज सेकंदाला ११ वेळा कमी-जास्त होतो, ११ ठोके पडतात. यमनात गायक गांधारावर न्यास करतो, म्हणजे थांबतो, आणि नेमकी तिथेच पेटी थरथरते.

म्हणून माझा आग्रह असा. शुद्ध गांधार १४, धैवत १६, निषाद १२ आणि तीव्र मध्यम १० सेंट उतरवा. कोमल गांधार १६, कोमल धैवत १४, कोमल रिषभ १२ चढवा. रे ४ आणि प २ चढवा, म २ उतरवा. कोमल निषाद रागावर ठरेल.

दांडिया बाजार :
एका गायकाची पेटी ही गोष्टच प्रत्यक्षात कुठे असते? साथीदाराला एका संध्याकाळी तीन जणांना साथ करावी लागते. तुम्ही काळी एकला लावलेल्या पेटीवर काळी दोनची गायिका आली की तिचा षड्ज म्हणजे तुमचा रिषभ, २०४ सेंट. तिचा पंचम तुमच्या धैवतावर, ८८४. अंतर ६८०, हवं ७०२. गांधाराचे १४ सेंट वाचवायला तुम्ही सा-पच २२ सेंटांनी बुटका केलात. गांधार थरथरला तर चार जाणकारांना कळतं; पंचम बेसूर झाला तर मागच्या रांगेतला माणूसही मान वर करतो. स्केल-चेंजर पेटी घेऊनही हा प्रश्न सुटत नाही, कारण तिथे पट्ट्या सरकतात, सूर तेच राहतात.

खर्ज-नर :
मी कामाच्या बाजूने सांगतो. सूर (रीड) उतरवायला त्याच्या पितळी जिभेच्या रिव्हेटकडचा भाग हलकेच खरवडतात, चढवायला टोक. एकदा उतरवून पुन्हा चढवलं, पुन्हा उतरवलं, की जीभ मुळाशी पातळ होते आणि जोरात भाता मारल्यावर तुटते. त्यामुळे आधी कायम कसं ठेवायचं ते ठरवा, मग हत्यार लावा.

करायचंच तर असं करा. खर्ज-नर जोडी, म्हणजे एका पट्टीला खालचा आणि मधला असे दोन सूर, असेल तर एका सुराखाली कागदाची पट्टी सरकवून तो बंद ठेवा, नाहीतर ठोके कुठून येतात कळत नाही. सा पक्का करा, त्यावर पंचम ठोके थांबेपर्यंत, वरच्या सा शी मध्यम, मग गांधार. खरवडल्यावर पितळ तापतं, गार झाल्याशिवाय सूर मोजू नका. सूर पेटीत बसवूनच ऐका, बाहेर तो वेगळा बोलतो. भाता हलका आणि एकसारखा ठेवा. दाब वाढला की सूर उतरतो. मोठ्या दाबाने लावलेला गांधार हळू वाजवताना चढाच लागेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

चलवीणा :
जोडतार, तुमच्या मोजमापात चूक नाही, पण पट्टी न बदलतासुद्धा अडचण येते. रे २०४ वर आणि ध ८८४ वर ठेवलात की रे-ध हा संवाद (दोन सुरांची जुळणी) गेला, २२ सेंटांची फट पडली. ८१/८० या गुणोत्तराची ही फट तुम्ही घालवू शकत नाही, फक्त दुसरीकडे ढकलू शकता. भूप रागात ग-ध जुळतो, तिथे ८८४ छान आहे. रे-ध जुळवायचा तर ध ९०६ वर हवा. देसकाराचा धैवत भूपापेक्षा चढा असं गायक मानतात ते उगाच नाही. दरबारीच्या आंदोलित गांधाराला तर कोणतीच पट्टी पुरत नाही.

नाट्यशास्त्रकार भरताचं नाव यात ओढू नये अशीही विनंती. त्याच्या ध्रुववीणा-चलवीणेच्या प्रयोगात (एक वीणा स्थिर ठेवून दुसरी उतरवत जायची) प्रमाणश्रुती, म्हणजे मोजमापाची श्रुती, कानाने ठरवली आहे. ८१/८० हा आकडा आपल्या काळातला अर्थ आहे. तो सोयीचा आहे खरा : ९० सेंटांच्या ७, ७१ च्या ५ आणि २१.५ च्या १० श्रुती मिळून सप्तक भरतं. पण हिशेब जुळला म्हणून गळा तसाच गातो असं नाही. जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी १९६३ मध्ये गायक-वादकांचे सूर मोजले, तेव्हा गांधाराच्या जागा बऱ्याच हलत्या आढळल्या.

जोडतार :
गळा हलतो हे मान्य. पण तो तानपुऱ्याभोवती हलतो, ४०० सेंटांभोवती नाही. पेटी थांबते तेव्हा ती तानपुऱ्याच्या बाजूने असावी, एवढंच माझं म्हणणं. रे-ध च्या फटीवर उपाय २२ श्रुतींच्या पेटीत आहे : सा आणि प सोडून दहा पट्ट्यांना दोन-दोन सूर, खुंटी ओढून हवा तो निवडायचा.

दांडिया बाजार :
आणि द्रुतात, ताना चालू असताना, खुंटी कोण ओढणार? वजन वाढतं, दोन्ही सूर तपासायचे तर जुळवणीचं काम जवळपास दुप्पट. साथीला मी तरी साधी पेटीच नेईन आणि न्यासाच्या जागी पट्टी सोडून तानपुऱ्याला बोलू देईन.

चलवीणा :
खुंट्या राग सुरू होण्याआधी लावायच्या असतात, मध्ये नाही. पण तिथेही निवड करावीच लागते. मालकंसात तानपुरा मध्यमाला असतो. मध्यमाशी जुळणारा कोमल निषाद ९९६ वर, ३१६ च्या कोमल गांधाराशी जुळणारा १०१८ वर. जोडतार, तुमच्या यादीप्रमाणे कोमल गांधार १६ ने चढवलात तर निषादही १०१८ ला न्या, म्हणजे १८ चढवा. निषाद ९९६ वर ठेवायचा असेल तर गांधार २९४ वर उतरवा. एक या घरातला आणि दुसरा त्या घरातला ठेवलात तर सावकाश ग-नी घेताना २२ सेंट लगेच उघडे पडतात.