झोप वाढवली तर बीपी उतरतं का?

प्रश्न: वय ४२. हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत रात्रीचे अकरा, झोप जेमतेम ५ तास. बीपी १४८/९४. झोप वाढवून गोळी टळेल?

उत्तर १: गोळीचं डॉक्टर ठरवतील. पण झोपेत बीपी साधारण १०-२० टक्के उतरतं. झोप अपुरी राहिली की ही उतरण कमी पडते. निदान ७ तास धरा. उठायची वेळ तीच ठेवून दर ३-४ दिवसांनी १५ मिनिटं लवकर आडवे व्हा. एकदम दोन तास आधी गेलात तर नुसते कूस बदलत राहाल. शेवटचा चहा दुपारी चारला (पुणेकराला जड जाईल!).

उत्तर २: घोरता का? श्वास अडकत असेल तर ९ तास झोपूनही फायदा नाही. आधी स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो ते पाहणारी तपासणी) करा.

उत्तर ३: बीपी सकाळी चहाआधी, लघवीला जाऊन, ५ मिनिटं पाठ टेकून बसल्यावर मोजा. मिनिटाच्या अंतराने दोनदा.