लेकराचा बारीक ताप आठवडा उलटला तरी जात नाही. घरी किती दिवस थांबावे?

प्रश्न: एक आई, केज तालुका, जि. बीड

नमस्कार. माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. गेले सात-आठ दिवस तिला बारीक ताप येत आहे. सकाळी अंग नेहमीसारखे असते, दुपारी चार-पाचनंतर कोमट लागू लागते आणि दिवेलागणीला काखेत थर्मामीटर लावले की कधी 99.8, तर कधी 100.6 भरते. 101 च्या वर ताप एकदाही गेलेला नाही. पातळ औषध दिले की तासाभरात उतरतो, ती शांत झोपते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. सर्दी नाही, जुलाब नाहीत, थोडा कोरडा खोकला आहे. खेळते, पण पूर्वीसारखी अंगणभर पळत नाही. जेवण निम्म्यावर आले आहे; अंगावरचे दूध मात्र पिते.

गावात येणाऱ्या डॉक्टरांना दोनदा दाखवले. पहिल्यांदा त्यांनी पॅरासिटामॉल दिले, दुसऱ्यांदा त्याच्या जोडीला एक अँटिबायोटिक दिले, त्यालाही आज तीन दिवस झाले. सासूबाईंचे म्हणणे असे की दाढा येत आहेत आणि एवढ्याशा कसरीला कोणी तालुक्याला पळत नाही. शेजारच्या काकू म्हणतात की ताप अंगात मुरला आहे. सध्या मूग-उडदाची काढणी चालू आहे. अंबाजोगाईला जाऊन यायचे म्हटले तर अख्खा दिवस मोडतो आणि दोन माणसांचा रोज बुडतो. त्यामुळे मला एवढेच विचारायचे आहे की ताप फार नसताना आणि लेकरू थोडेफार खेळत असताना कोणत्या दिवसापर्यंत घरी थांबलेले चालते, आणि कोणत्या दिवसानंतर थांबणे ही चूक ठरते?

उत्तर: निवृत्त आरोग्यसेविका, हिंगोली

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारण मागून सांगते: थांबण्याचे दिवस संपले आहेत, मुलीला उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. घाबरून जाण्यासारखे तुमच्या लिहिण्यात मला काही दिसले नाही, पण आठवडाभर रोज येणारा ताप, तो कितीही बारीक असला तरी, तपासणीशिवाय सोडून देऊ नये असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते आणि उपकेंद्रावरच्या माझ्या सगळ्या वर्षांत ते शिकवणे खरे ठरले.

आपल्याकडे आकडा मोठा असला की घर हादरते आणि आकडा लहान असला की घर निश्चिंत होते. प्रत्यक्षात 103 ताप असलेले मूल साध्या विषाणूच्या तापाने आजारी असू शकते आणि तिसऱ्या दिवशी उड्या मारू लागते, तर 100 वर रेंगाळणाऱ्या तापामागे लघवीतला जंतुसंसर्ग, कानाचे दुखणे, टायफॉइड किंवा क्षयरोग दडलेला असू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा दिवस मोजावेत आणि मूल काय करते आहे ते पाहावे. दाढांबद्दल सासूबाईंना सांगा की दात येताना अंग किंचित कोमट होते हे खरे आहे, पण 100.4 च्या वरचा ताप दातांमुळे येत नाही, आणि दातांच्या नावाखाली खरा आजार झाकला गेल्याची उदाहरणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आता तीन गोष्टी नीट आठवून सांगा. ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला? अंगणवाडीत मुलीचे शेवटचे वजन किती भरले आणि त्याआधी किती होते? आणि घरात किंवा शेजारी, जिथे ती रोज खेळते तिथे, कोणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे का? अलीकडे लस दिली असल्यास तेही सांगा. त्रिगुणीच्या बूस्टरचा ताप एक-दोन दिवसांत ओसरतो. गोवर-रुबेलाचा मात्र आठवडाभराने उगवतो आणि तोही दोन-तीन दिवसांतच जातो.

औषधाविषयी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॅरासिटामॉलचे सिरप 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असते तसेच 250 मिलिग्रॅमचेही असते, आणि थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असू शकते. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे नऊ किलोच्या मुलीला 125 वाल्या सिरपचे 5 मिलिलिटर पुरते, पण 250 वाले असेल तर निम्मेच द्यायचे. बाटली बदलली आणि टोपणाचे माप तेच राहिले की घोटाळा होतो. दोन मात्रांमध्ये सहा तास ठेवा, दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका, आणि हे औषध ताप उतरवते, आजार बरा करत नाही, हे घरातल्या सर्वांच्या लक्षात आणून द्या.

उत्तर: एक आजी, जालना

वरच्या ताईंचा अनुभव मोठा आहे, तरीही एक बाजू मांडते, कारण ही चर्चा वाचणाऱ्या नव्या आयांनी पहिल्याच कणकणीला घाबरून दवाखान्यात धाव घ्यावी असे मला वाटत नाही. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-ताप होणे हे सामान्य आहे आणि त्यातले बहुतेक ताप तीन-चार दिवसांत आपोआप जातात. त्या तापात डॉक्टरांना ‘सुई द्या, सलाईन लावा’ असा आग्रह आपणच धरतो आणि मग विनाकारण अँटिबायोटिक लेकराच्या पोटात जाते.

या ताईंच्या बाबतीत मात्र मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या सात-आठ दिवसांत मध्ये एखादा पूर्ण दिवस, औषध न देता, ताप नसलेला गेला का? तसा गेला असेल तर हे एकामागून एक आलेले दोन निराळे ताप असू शकतात, आणि आमच्या नातवाला बालवाडी सुरू झाल्यावर नेमके असेच झाले होते. एकही दिवस मोकळा गेला नसेल तर माझेही मत तेच: काढणी दोन दिवस मागे पडली तरी चालेल.

उत्तर: एक बाबा, लातूर

आमची मुलगी सव्वा वर्षाची असताना तिला नऊ दिवस असाच ताप होता. ना खोकला, ना सर्दी. दोन ठिकाणी दाखवले, दोन्हीकडे घसा पाहिला, छाती तपासली आणि औषध बदलून दिले. लघवी तपासावी असे कोणाच्याच मनात आले नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न लघवीविषयी विचारला आणि तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. बोलता न येणारे मूल लघवीला जळजळ होते हे सांगणार कसे? मुलींमध्ये हे अधिक आढळते आणि पुष्कळदा तापाखेरीज दुसरे लक्षणच नसते, हे आम्हाला तेव्हा कळले. तुमच्या मुलीला आधीच अँटिबायोटिक सुरू झाले आहे, तेव्हा ते कोणते आणि कधीपासून हे डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण त्यामुळे लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू दिसेनासे होऊ शकतात. रिकामी बाटली सोबतच न्या.

दुसरे म्हणजे पाऊसकाळ आहे. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, घरोघरी टाक्या आणि रांजण भरलेले असतात, आणि डेंग्यूचा डास त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तुमच्या मुलीचा ताप तसा वाटत नाही, पण रक्ताची तपासणी होईपर्यंत घरातल्या कोणाच्या सांगण्यावरून मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. निमेसुलाइड या तापाच्या औषधावर तर बारा वर्षांखालील मुलांसाठी 2011 पासून बंदीच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आरोग्यसेविका ताईंनी विचारले म्हणून मी आणि सासूबाई आज बसून दिवस मोजत मागे गेलो. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पंगती उठल्यावर मी तिला मांडीवर घेतले तेव्हा अंग गरम लागले होते, आणि दमणुकीने असेल म्हणून मी सोडून दिले होते, हे आत्ता आठवले. म्हणजे आज अकरावा दिवस आहे. मी सात-आठ म्हणत होते ते थर्मामीटर आणल्यापासूनचे. मध्ये एकही संध्याकाळ मोकळी गेलेली नाही.

अंगणवाडीत जूनमध्ये वजन 9 किलो 400 ग्रॅम होते, आज ताईंकडून पुन्हा करून घेतले तर 9 किलो 300 ग्रॅम भरले. लस अलीकडे झालेली नाही. खोकल्याचे विचारले, तर मामंजी चैत्रात ऊसतोडीवरून परत आल्यापासून खोकत आहेत. विडीमुळे असेल म्हणून घरात कोणी मनावर घेतले नाही. मुलगी दिवसभर त्यांच्याच खांद्यावर असते. हे लिहिताना माझे हात कापत आहेत. जन्मतः तिला क्षयाची बीसीजी लस दिली आहे, मग तरीही क्षय होऊ शकतो का?

उत्तर: बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर

आपण दिवस मोजलेत आणि वजन करून घेतलेत, त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरांचे अर्धे काम सोपे झाले आहे. मुलीला न पाहता निदान सांगणे योग्य नाही, म्हणून ते सांगत नाही. बीसीजी मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून बऱ्याच अंशी संरक्षण देते, परंतु क्षयरोग होणारच नाही अशी हमी ती देत नाही. पाच महिन्यांचा खोकला असलेली व्यक्ती घरात असणे, वजन न वाढणे आणि रोज संध्याकाळी येणारा ताप या तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्ही क्षयाचा विचार करतो. त्याच वेळी लघवी, रक्त, हिवताप, टायफॉइड आणि या दिवसांत स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप) यांचाही विचार करावाच लागतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभाग आहे, तेथे जा, आणि आजोबांनाही त्याच दिवशी सोबत न्या. थुंकीची तपासणी आणि निदान झाल्यास संपूर्ण उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. निकाल येईपर्यंत त्यांनी तोंडावर रुमाल बांधावा आणि मुलीला जवळ घेणे टाळावे. हे त्यांना जड जाईल, म्हणून घरातल्यांनी समजावून सांगावे, दोष देऊ नये.

आपल्या मूळ प्रश्नाविषयी मी माझ्या रुग्णांच्या पालकांना जे सांगतो तेच लिहितो. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दाखवावे. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्यासारखे उघड कारण नसताना चोवीस तासांहून अधिक ताप राहिला तर दाखवून घ्यावे. कारण दिसत असेल आणि मूल खातपीत, खेळत असेल तर तीन दिवसांपर्यंत थांबायला हरकत नाही. पाचव्या दिवसाच्या पुढे मात्र ताप 99.5 च्या वर एवढाच राहत असला तरी तपासणी हवीच. पाच दिवसांच्या तापासोबत डोळे चिपडांविना लाल, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद आणि अंगावर पुरळ असेल तर कावासाकी हा आजार असू शकतो; तो विरळा आहे, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करतो आणि त्याचा उपचार पहिल्या दहा दिवसांत सुरू होणे महत्त्वाचे असते.

पुढील लक्षणे दिसली तर दिवस मोजत बसू नये. मूल दूध किंवा पाणी घेईनासे झाले, प्यालेले सगळे उलटून टाकू लागले, झटका आला, हाक मारूनही डोळे उघडेना किंवा सुस्त पडून राहिले, मान ताठ झाली, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, तर 108 ला फोन करावा. श्वास मोजता येतो: मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी; एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर ते जास्त आहेत. झटका आल्यास कुशीवर झोपवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. दुपारी पत्रा तापलेला असताना, गोधडीत गुंडाळलेल्या मुलाचा ताप मोजला तर आकडा फसवा येऊ शकतो. सैल सुती कपड्यांत, सावलीच्या हवेशीर जागी अर्धा तास ठेवून मगच मोजावे.

मूळ प्रश्नकर्ती, पाच दिवसांनंतर

आम्ही दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एसटीने गेलो. सासूबाई स्वतः सोबत आल्या. लघवी, रक्त आणि हिवतापाची तपासणी झाली, त्यांत काही आढळले नाही. लघवीचे कल्चरही आज स्वच्छ आले आहे. छातीचा एक्स-रे काढला, त्यात गाठींसारखी एक सावली आहे, पण एवढ्यावरून डॉक्टर काही ठरवत नाहीत. हातावर मोंटू चाचणीची, म्हणजे क्षयाची लागण आहे का ते पाहण्याची, सुई दिली होती, ती अठ्ठेचाळीस तासांनी वाचायला पुन्हा गेलो; तिथे फुगवटा आला आहे. आता सकाळी उपाशीपोटी पोटातील पाणी काढून तपासायचे आहे, कारण एवढ्या लहान मुलाला थुंकी बाहेर काढता येत नाही.

मामंजींच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. त्यांचे औषध परवा सुरू झाले. ते ओसरीवर वेगळे झोपतात आणि मुलगी दारातून ‘आबा’ म्हणून हाक मारते तेव्हा मान फिरवून घेतात. डॉक्टरांनी सांगितले की मुलीला आजार निघाला तर पूर्ण उपचार आणि नाही निघाला तरी प्रतिबंधक औषध सहा महिने द्यावे लागेल, कारण पाच वर्षांखालील मूल अशा रुग्णाच्या सहवासात राहिले असेल तर तसा नियमच आहे. धाकट्या जावेचा मुलगा तीन वर्षांचा आहे, त्यालाही गुरुवारी सोबत नेणार आहोत.

आज संध्याकाळी 100.2 होते. वेळेसह वहीत लिहून ठेवले आहे.